अडीच वाजताचं हसू

रविवारी आमच्या घरात फक्त रेडिओनं बोलायचं, असा बाबांचा नियम होता. सकाळी आठला तो सुरू व्हायचा आणि संध्याकाळच्या सहाच्या बातम्या संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये निवेदक घोटभर पाणी पिण्याइतका थांबायचा. तेवढ्यात ज्याला जे मागायचं असेल ते त्यानं मागून घ्यायचं, मग ती कात्री असो नाहीतर मैत्रिणीकडे जायची परवानगी. नववीतला माझा निकाल मी बाबांना अशाच अर्ध्या मिनिटात सांगितला होता. भाषेत किती, इतिहासात किती इथपर्यंत आले आणि गणिताचं नाव काढायच्या आत बागकामाचा कार्यक्रम सुरू झाला. त्या दिवशी मला रेडिओनं वाचवलं, हे मी अजूनही कबूल करते.

आमचा रेडिओ गाण्यांचा नव्हता. शेजारीपाजारी सगळीकडे गाणी वाजायची. बाबांना मात्र देशभर ऐकू जाणारं ते एकच केंद्र लागायचं, जिथे दिवसभर माणसं नुसती बोलतात. बातम्या, मुलाखती, नाटकं, पुस्तकांचं वाचन, कोबीवरच्या अळ्या. मैत्रिणी विचारायच्या, ‘तुमच्याकडे सारखे पाहुणे असतात का गं?’ मी हो म्हणून टाकायची. खरं सांगितलं असतं तर चारचौघींत हसं झालं असतं.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. शिंप्यांची दुकानं, कपड्यांचे कारखाने, शाळांचे गणवेश शिवणारी एक लांबलचक पत्र्याची शेड, अशी त्यांची गिऱ्हाइकं. कारखान्यात गेले की ते आधी दारातच उभे राहायचे. आत चाळीस मशीन खडखडत असायची. बाबा मान जरा तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, ‘तिसरी रांग, खिडकीकडून दुसरं. शटल घासतंय.’ जाऊन बघावं तर तसंच. त्यामुळे त्या धंद्यातले लोक त्यांना कानवाले म्हणायचे. दारात कुणीतरी घाम पुसत उभं राहायचं आणि विचारायचं, ‘कानवाले आहेत का घरात?’ आईला ते नाव आवडायचं नाही. माणसाला आख्खं शरीर असताना एकाच अवयवावरून काय ओळखायचं, असं तिचं म्हणणं.

रविवारी बाबा घरीच काम करायचे. खिडकीजवळच्या टेबलावर एखाद्या मशीनचं डोकं उघडून ठेवलेलं, शेजारी तेलाची बुधली, चिंध्या, स्क्रूच्या डब्या. समोर फळीवर रेडिओ. हात मशीनमध्ये आणि कान रेडिओत. पण कार्यक्रम चालू असताना त्यांनी मशीन कधी फिरवून बघितलं नाही. कुणी बोलत असताना मध्ये खडखडाट करणं म्हणजे त्याचा अपमान, मग तो माणूस चारशे मैलांवर का बसलेला असेना. मशीन चालवून बघायचं ते निवेदकाच्या पाण्याच्या घोटात. त्यासाठी ते हात चाकावर ठेवून तयारीत बसायचे.

टेबलाच्या काचेखाली पेपरातून कापलेलं त्या दिवसाच्या कार्यक्रमांचं कात्रण असायचं. मला ते अजून पाठ आहे. आठच्या बातम्यांनंतर ‘रविवारची डाक’. त्यात निम्मी पत्रं निवेदकांचे उच्चार चुकतात म्हणून ओरडणाऱ्यांची आणि उरलेली निम्मी त्या ओरडणाऱ्यांवर ओरडणाऱ्यांची. नऊला ‘मातीचे प्रश्न’. आमच्याकडे बाग सोडाच, खिडकीत कुंडीसुद्धा नव्हती, पण टोमॅटोच्या पानांवर काळे डाग पडले तर काय करायचं, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. दहाला एका खेड्यातल्या कुटुंबाची मालिका. तिच्यातल्या थोरल्या सुनेला मी शाळेत असताना दिवस गेले आणि मी नोकरीला लागले तेव्हा कुठे ती बाळंत झाली, असं दादा म्हणायचा. अकराला ‘एक माणूस, एक तास’. कधी दीपगृहात दिवे लावणारा, कधी तुरुंगात कैद्यांचे केस कापणारा, कधी चष्म्याच्या काचा घासणारी बाई. असं कुणीतरी साधं माणूस येऊन स्वतःबद्दल बोलायचं. तो तासभर बाबांचे हात मशीनमध्ये नुसते पडून असायचे. मग जेवण, बातम्या आणि कुणालाच न समजणारी एक चर्चा. तीनला श्रुतिका, मग पुस्तक, मग विज्ञान. पण त्याआधी अडीचला असायचं ‘खरं की खोटं’, आणि आमचा रविवार खरा त्यासाठी होता.

त्यात तिघं जण तीन किस्से सांगायचे. एक खरा, दोन रचलेले. समोर बसलेल्या लोकांनी ओळखायचं. सांगणारे भलतेच वस्ताद असायचे आणि समोरच्या लोकांची हसून हसून पुरेवाट व्हायची. बाबा हसणाऱ्यांतले नव्हते. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते कुणाचं तरी मशीन बिघडल्यासारखे उभे आहेत. पण अडीच वाजले की हात पुसून, खुर्ची रेडिओकडे ओढून बसायचे आणि मग असे हसायचे की टेबलावरच्या डब्या नाचायच्या. टेबलावर हात आपटायचे, डोळे तेलकट चिंधीनं पुसायचे आणि त्यांच्या गालावर काळा पट्टा उमटायचा. ‘ऐकलं का? काय माणूस आहे!’ एवढं एक वाक्य नियम मोडून बोलायची मुभा त्यांनी स्वतःला दिली होती. आम्ही दोघं भावंडं त्यांच्याकडे बघून हसायचो. स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून काहीतरी सोलणारी आई हनुवटी गळ्यात खुपसून आवाज न करता हसायची.

पुढे आम्ही दोघं मोठे झालो, घरं वेगळी झाली. दादा शाळेत मुलांना कवायत शिकवतो. त्याचा आवाज असा की त्यानं शेजारच्या खोलीत मीठ मागितलं तर गल्लीतला माणूस आणून देईल. मी टेलिफोन खात्यात तक्रारी घ्यायची. आठ तास कानाला यंत्र लावून ‘हॅलो, ऐकू येतंय का’ असं विचारणं ही माझी नोकरी. तरी रविवार आला की आम्ही दोघं बाराच्या आत आईबाबांकडे हजर. जेवायचं, गप्प बसायचं, अडीचला हसायचं आणि सहाच्या बातम्या ऐकून घरी जायचं. माझ्या सासरच्यांना हा प्रकार कधी समजला नाही. ‘आईवडिलांकडे जाऊन तू बोलतेस तरी काय?’ असं सासूबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा ‘काहीच नाही’ हे खरं उत्तर मी दिलं, तर त्यांना राग आला.

मग एका वर्षी मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि आई आठवड्यासाठी तिच्याकडे गेली. तिथून तिनं मला ऑफिसात फोन केला. म्हणाली, “या रविवारी तुम्ही नाही गेलात तरी चालेल. बाबा काय, बसतील रेडिओ ऐकत.”

आई असं कधी म्हणाली नव्हती. मला वाटलं, आपले हेलपाटे वाचावेत म्हणून म्हणतेय. दादाला विचारलं तर तो म्हणाला, “वा. बाबांना एकटं सोडायचं? मी जेवण घेऊन येतो, तू ये.”

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. दादाकडे किल्ली होती. आम्ही आत येऊन अगदी जवळ गेलो तेव्हा बाबा दचकले आणि त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. आईशिवाय घर रिकामं वाटतंय, म्हणून दचकले असतील असं मी मनाशी म्हटलं. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो. जेवणं झाली. रेडिओ चालू होता, तेव्हा कुणी बोलायचा प्रश्नच नव्हता.

आदल्या रात्री उशिरा एका खाणीत पाणी शिरलं होतं. अकरा कामगार आत अडकले होते. सकाळचा पेपर त्याआधीच छापून झाला होता, त्यामुळे त्यात काही आलेलं नव्हतं. दोनच्या बातम्यांत सगळं तेच होतं. मग निवेदकानं सांगितलं की आज दुपारचे नेहमीचे कार्यक्रम होणार नाहीत, आपण थेट खाणीच्या फाटकापाशी जाणार आहोत. मी आणि दादानं एकमेकांकडे बघितलं.

अडीच वाजले. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, हात पुसले आणि खुर्ची रेडिओकडे ओढली. रेडिओवर एक म्हातारी बाई बोलत होती. तिचा धाकटा मुलगा आत होता. ती म्हणाली, “काल कामावर जाताना डबा घरीच विसरून गेला. मी तो घेऊन इथं आलेय.” पुढे तिला बोलवेना.

बाबांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. आधी थोडं, मग पुरतं. त्यांनी टेबलावर हात आपटला, डब्या नाचल्या. आमच्याकडे वळून ते म्हणाले, “ऐकलं का? काय माणूस आहे!”

दादा ताडकन उठला. “बाबा! हसताय काय? माणसं बुडालीत तिथं.”

दादाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असावा. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे घाबरले. त्यांनी घड्याळ बघितलं. काचेखालच्या कात्रणावर बोट ठेवून अडीचची ओळ शोधली. ओळ बरोबर होती. तिथे छापलेलं होतं ‘खरं की खोटं’. मग त्यांनी हळूच रेडिओकडे पाहिलं, जणू त्याच्या तोंडावरून काही कळेल.

दादानं मला स्वयंपाकघरात ओढलं. “डोक्यावर परिणाम झालाय,” तो म्हणाला. त्याचं कुजबुजणंही भिंतीपलीकडे जातं. “आईला फोन कर.”

आमच्या खात्यात तक्रार आली की पहिल्यांदा एकच बघायचं असतं, की लाइन बंद आहे की यंत्र. मी बाहेर आले, बाबांच्या पाठीमागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “बाबा, तुमचं सगळं सामान मी काल भंगारात दिलं.” एरवी एवढ्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ते हलले नाहीत. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसले.

“ऐकू येत नाही?”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. “येतं,” म्हणाले. मग म्हणाले, “थोडं.” मग, “दादाचं येतं.”

दोन वर्षं झाली होती. चाळीस वर्षं कारखान्यांच्या खडखडाटात काढलेले कान आधी कुरकुरले, मग त्यांनी कामच सोडलं. आईनं त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. कानात घालायचं यंत्रही आणलं होतं. त्यानं आवाज मोठा होई, पण शब्द चिखलात रुतल्यासारखे कुठले कुठले ते कळत नसत. यंत्र स्क्रूच्या डबीत जाऊन पडलं. आणि या कानाची खबर त्या कानाला लागू दिली नव्हती, आम्हा दोघांनाही नाही. रविवारी घरात कुणी बोलत नाही, तर कुणाला ऐकू येत नाही हे कळणार कसं?

दादाला वेगळीच धास्ती पडली. दुसऱ्या दिवशी बाबांना गणवेशाच्या शेडमध्ये जायचं होतं. शाळा उघडायच्या आत तिथली सगळी मशीन तपासून द्यायची होती. “काम बंद करा, बाबा,” तो म्हणाला. “उद्या कुणाच्या लक्षात आलं तर? कानवाले म्हणतात तुम्हाला.”

बाबा उठले. टेबलावरचं मशीन पुढे ओढलं आणि दादाला म्हणाले, “मी तिकडे तोंड करतो. यातला एक स्क्रू सैल कर. कुठलाही.” दादानं केला. बाबा वळले, दोन बोटं मशीनच्या मानेवर ठेवली आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. तीन फेऱ्यांत म्हणाले, “खालची दातपट्टी. डावीकडचा.” तोच होता.

“दोन वर्षं असंच करतोय,” बाबा म्हणाले. “शेडमध्ये एवढा आवाज असतो, तिथं सगळेच बहिरे. कुणाला काय कळतंय? मशीनला हात लावला की ते सांगतं. बोलणाऱ्या माणसाला कुठं हात लावायचा?”

मी त्यांना विचारलं, “आम्हाला सांगितलं का नाहीत?” तीनदा विचारावं लागलं. तिसऱ्या वेळी त्यांना कळलं आणि त्यांनी नजर वळवली.

“सांगितलं असतं तर तुम्ही रेडिओ बंद केला असता. माझी दया येऊन. आणि मग रविवारी यायचं कशाला? इथं दुसरं काय आहे?”

खरी गोष्ट अशी की माझ्या घरी मी ते केंद्र एकदाही लावलं नव्हतं. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत एकदाही नाही. श्रुतिका चालू असायची तेव्हा मी आठवड्याची भाजी ठरवत असायची. मी यायची ती या माणसाला हसताना बघायला, आणि तो हसायचा आमच्यासाठी. मला इतकी शरम वाटली की मी उठून भांडी घासायला लागले.

आईला ठाऊक आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा नव्हता. बाबांनी आपणहून सांगितलं. दाराजवळच्या ज्या लाकडी फळीवर आईचं स्टूल असायचं, तीच फळी पुढे बाबांच्या खुर्चीखाली जायची. रेडिओतले लोक हसले की आई टाचेनं फळीवर ठोकायची. बाबांना ते तळव्याला कळायचं आणि ते हसायचे. कार्यक्रम संपला की दोनदा. मग मला एकेक आठवायला लागलं. मागच्या वर्षी भर श्रुतिकेत बाबांनी मशीन चालू केलं होतं आणि आईनं धावत येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. जेवताना आई वाढत असली तरी बाबांच्या समोरच उभी राहून बोलायची. मी दिवसभर लोकांना ऐकू येतंय का विचारणारी बाई, आणि माझ्या नाकासमोर हे चाललेलं.

“आईला यातलं सांगू नका,” निघताना बाबा म्हणाले. “तिला वाईट वाटेल. पुढच्या रविवारी नेहमीसारखे या.” मग दारापर्यंत आले आणि विचारलं, “याल ना?” असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना दिसेल अशी मान हलवली.

पुढच्या रविवारी आम्ही नऊच्या आतच गेलो. आई परत आली होती. दार उघडताच बाबा मला म्हणाले, “अकराही निघाले बाहेर. बुधवारीच. पेपरात आलंय.” म्हणजे आठवडाभर त्यांच्या मनात तेच होतं.

मग आमचं चौघांचं नाटक सुरू झालं. ऐकू येत नाही हे बाबा आईच्या मदतीनं आमच्यापासून लपवत होते, आणि आम्हाला कळलंय हे बाबांच्या मदतीनं आईपासून आम्ही लपवत होतो. त्यात दादानं तर कमाल केली. तो बागकामाच्या कार्यक्रमालाही गंभीरपणे माना डोलवत होता. गांडुळांविषयी एवढी आस्था मी कुणाच्या तोंडावर पाहिली नाही.

अडीच वाजले. किस्सा सुरू झाला. एक माणूस स्वतःच्याच लग्नाचा पत्ता कसा चुकला आणि दुसऱ्याच मांडवात जेवून कसा आला, ते सांगत होता. मी आईच्या पायाकडे बघत बसले. रेडिओतले लोक हसले. आईची टाच उठली, फळीवर पडली, आणि एका श्वासानंतर बाबा हसले. पुन्हा लोक हसले, पुन्हा टाच, पुन्हा बाबा. आईच्या हातातलं सोलणं थांबत नव्हतं. दादा खोटं खोटं हो हो करून हसत होता. मी हसायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.

दोन वर्षं बाबा चेहरे वाचून दिवस काढत होते. माझा चेहरा त्यांच्यापासून लपणार होता थोडाच? ते हसायचे थांबले. आईकडे वळले आणि हात वर केला. “पुरे,” म्हणाले. “पाय दुखेल तुझा. यांना कळलंय.”

आईचा चेहरा उतरला. मग ती आमच्यावरच डाफरली, “तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं ना मी?”

“त्यांचं काही नाही. मीच हसलो, भलत्या ठिकाणी,” बाबा म्हणाले. “राहू दे आता ते ठोकणं. त्या माणसानं काय सांगितलं, ते मला सांग. इकडे बघून, सावकाश.”

आई खाली बघून सोलायला लागली. रेडिओतले लोक हसत होते.

“अगं, सांग ना.”

“मला काय माहीत?” आई एकदम म्हणाली. “मला त्यातलं कधी काही कळलंय का? ते एवढे भराभर बोलतात, कोण खरं, कोण खोटं, मला पत्ता लागत नाही. तुम्ही हसायचात म्हणून मी हसायची. नंतर तुम्हाला ऐकू येईना, तर ते लोक हसले की मी ठोकायची. अहो, मी कधी ऐकलंच नाही ते.”

ती रागानं भराभर बोलली आणि बाबांच्या पदरात काहीच पडलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “काय म्हणाली?”

मी डोळे पुसले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. “आई म्हणते, तिला हा कार्यक्रम कधीच समजला नाही. तुम्ही हसायचात, म्हणून ती हसायची.”

बाबा आईकडे वळले. “इतकी वर्षं?” त्यांनी विचारलं. आईनं मान हलवली. मला वाटलं, आता हे दुखावणार. पण ते विचारत होते ते निराळंच होतं.

“मग तुला काय आवडायचं?”

आई गोंधळली. हातातला वाडगा तिनं खाली ठेवला. कुणी असं विचारण्याची तिला सवयच नव्हती. “सकाळचं ते,” ती म्हणाली. मग बाबांना कळलं नाही हे बघून तोंड नीट उघडून म्हणाली, “समुद्राचं हवामान. पाच वाजता लागतं. तुम्ही झोपलेले असता. मी आवाज बारीक करून ऐकते.”

हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. आईनं समुद्र आयुष्यात एकदा पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून.

बाबा उठले आणि त्यांनी रेडिओ बंद केला. भर कार्यक्रमात, माणूस बोलत असताना. माझ्या जन्मात मी हे पहिल्यांदा बघितलं. घर एवढं शांत झालं की दादानं खाकरून बघितलं. बाबांनी आपली खुर्ची उचलली. ती वर्षानुवर्षं रेडिओकडे तोंड करून आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून होती. त्यांनी ती फिरवून आईच्या स्टुलासमोर आणून ठेवली आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले.

“सांग,” म्हणाले.

“आत्ता? इथं, मुलांसमोर? काहीतरीच तुमचं.”

“सांग.”

आईनं ओले हात साडीला पुसले. स्टुलावर ताठ बसली. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं, मग आमचा विचार सोडून दिला आणि बाबांच्या तोंडासमोर तोंड धरून, सावकाश, एकेक शब्द ओठांवर ठेवत म्हणायला लागली. “उत्तरेकडून जोराचा वारा. लाटा, सहा ते आठ फूट. लहान होड्यांनी, किनारा सोडू नये.”

बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. “सोडू नये,” ते म्हणाले. “का आवडतं तुला हे?”

“त्यात कुणी हुशारी करत नाही,” आई म्हणाली. “जाऊ नका म्हणतात, नाहीतर जा म्हणतात. आणि रोज सांगतात. कुणाची तरी कुणाला काळजी आहे, एवढं कळलं की मग मी चहा ठेवते.”

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. पण त्यांचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला टेबलावर हात आपटून हसणारे बाबा आठवत नाहीत. त्या दुपारचे आठवतात. आईकडे ते असं बघत होते, जसं मी त्यांना कधीच कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. त्यांना एक शब्दही सुटू द्यायचा नव्हता.

“दुपारनंतर वारा पडेल,” आई सांगत होती.

“काय होईल?”

“पडेल. वारा. पडेल.”

“बरं,” बाबा म्हणाले. “आणि मग?”

आईनं स्टूल आणखी पुढे ओढलं.